पाहुण्याची फळी

"हात द्या हो, हाऽऽत!"

म्हाताऱ्याने पुन्हा हाळी दिली आणि थोरलीने कपाळाला हात लावला. हाळी ऐकू न यायला माणसं काही लांब नव्हती. शेजारच्याच होडीपाशी तिचा चुलतदीर इंजिनात तेल ओतत होता आणि त्याच्या पलीकडे चार टाळकी बिडी ओढत बसली होती. एकाचीही मान वळली नाही.

"मामंजी, पुरे आता. घसा बसेल."

"बसू दे. हाळी दिली की यायचंच असतं. माझ्या जन्मात असं कधी झालं नाही."

"आता झालं ना? मग लावा खांदा."

होडी म्हणजे काही घरातलं कपाट नव्हे, दोघांनी धरलं आणि सरकवलं. वाळूत ओंडके टाकायचे, दोन्ही अंगांनी माणसांनी भिडायचं, मागे पडलेला ओंडका उचलून कुणीतरी पळत पुढे न्यायचा. म्हणून हाळी आली की हातातलं काम टाकून धावायचं असा इथला कायदा. भांडण असलं तरी धावायचं, होडी पाण्यात गेली की पुन्हा भांडायला सगळे मोकळे. तो कायदा यंदा पहिल्यांदाच मोडला होता, आणि तोही हिच्याच घरासाठी.

नवरा एका बाजूला, म्हातारा दुसऱ्या बाजूला आणि ओंडके न्यायला थोरली. लुगड्याचा काचा मारून ती ओला ओंडका छातीशी धरून पळत होती, टाकत होती, पुन्हा मागे जात होती. एकदा ओंडका निसटून तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. तिने शिवी दिली, पण कुणाला ते ठरवलं नाही; देण्यासारखे बरेच जण होते. शेवटी एक मोठी लाट आली आणि माणसांनी केलं नाही ते तिने केलं. होडी पाण्यात गेली.

थोरली वर आली. बर्फातल्या मासळीची टोपली भरून ठेवली होती. भरलेली टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी समोरून हात लावावा लागतो. जाऊ, म्हणजे चुलतदिराची बायको, समोरच उभी होती.

"हात लावतेस का जरा?"

"डॉक्टरला बोलव की हात लावायला," जाऊ म्हणाली आणि आपली टोपली घेऊन चालू लागली.

थोरलीने टोपलीतली मासळी अर्धी काढली, हलकी टोपली स्वतः उचलली आणि उरलेल्या मासळीसाठी भर उन्हात दुसरी खेप केली. दुसऱ्या खेपेला बर्फाचं पाणी झालं होतं आणि गिऱ्हाईक घरी गेलं होतं. अंगठा सुजून टम्म झाला होता.

हा डॉक्टर माणसांचा नव्हे, माशांचा. मागच्या हंगामात तो पहिल्यांदा आला तेव्हा अर्ध्या वस्तीने त्याला आपापले गुडघे दाखवले होते. मग कळलं की हा माशांची पोटं तपासतो. तरुण पोरगा, चष्मा, उन्हाने सोललेलं नाक. राहायला कुठे जागा मिळेना, म्हणून म्हाताऱ्याने त्याला घरी आणला. थोरलीने त्याला जेवू घातलं, त्याचे खारट कपडे धुतले, उलट्या झाल्या तेव्हा पाठ चोळली. थोरली हे तिचं नाव नव्हतं. ती या घरात आली तेव्हा पुढेमागे धाकटी येईल म्हणून सगळे थोरली म्हणू लागले. दीर शहरात गेला तो तिकडचाच झाला, धाकटी कधी आलीच नाही, पण हिची सुटका झाली नाही.

डॉक्टरला एकच हवं होतं: मासा अंडी कुठे घालतो? अशी गोष्ट कुणी कुणाला विचारत नाही. प्रत्येक घराची आपली जागा असते, आजोबांनी बापाला दाखवलेली, बापाने मुलाला. सख्ख्या जावयालासुद्धा ती सांगत नाहीत. पण घरात जेवलेल्या पाहुण्याला नाही तरी कसं म्हणायचं? त्यावरही जुन्या माणसांनी तोड काढून ठेवली होती. होडीच्या नाकापाशी एक आडवी फळी असते, ती पाहुण्याची फळी. पाहुण्याने तिच्यावर सुकाणवाल्याकडे तोंड करून बसायचं. त्यामुळे गप्पा छान होतात, मान राखला जातो आणि पुढचे खडक कुठे, होडी कुठून वळली, हे पाहुण्याला दिसत नाही. शिवाय सरळ जायचंच नाही. इकडून तिकडून हिंडवायचं, दोन-चार जागी जाळं टाकल्यासारखं करायचं, मग पाहुणा खूश होऊन घरी जातो आणि काही न समजता जातो.

डॉक्टरला होडीतून नेलं त्या दिवशी म्हातारा घरी आला तो मिशीतल्या मिशीत हसत. "असा फिरवलाय त्याला, की आता त्याला स्वतःचं घर सापडायचं नाही!"

आणि यंदा अंडी घालायचा हंगाम तोंडावर आला तसा बर्फाच्या गोदामाच्या भिंतीवर कागद चिकटला. हंगाम संपेपर्यंत किनाऱ्याजवळचा समुद्र बंद. या खडकापासून त्या खडकापर्यंत, सगळ्या घरांच्या सगळ्या जागा आत. मोठ्या बोटींना लांबचा समुद्र मोकळाच होता. छोट्या होड्यांना घरचं अंगणच बंद झालं. हरकती असतील तर सभेत मांडा, नंतर हुकूम कायम. खाली आधार म्हणून डॉक्टरचं नाव. डॉक्टर कुणाच्या घरी जेवला होता हे सांगायला कागदाची गरज नव्हती.

सभेच्या आदल्या दिवशी डॉक्टर दारात उभा. हातात टोप्यांची पिशवी. टोपीवर हसणारा मासा, खाली अक्षरं: मला वाचवा.

"वहिनी, ओळखलंत का?"

"न ओळखून सांगते कुणाला. या, बसा," थोरली म्हणाली. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं हे अंगात मुरलं होतं, त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

त्याने टोप्या पुढे केल्या. "वस्तीत वाटायच्या आहेत. तुमची मदत झाली तर…"

"ज्या माशाला आम्ही पकडतो त्याचं हसणारं तोंड डोक्यावर घालून आम्ही बाजारात बसायचं?"

डॉक्टर गोरामोरा झाला. "जनजागृतीसाठी असतं ते."

"जागेच आहोत आम्ही. झोप उडाली आहे तुमच्यामुळे." तिने पाण्याचा तांब्या ठेवला तो जरा जोरातच. "उद्याची सभा सकाळी का ठेवली? होड्या पाण्यात जायच्या वेळेला? आणि बायका बाजारात असताना?"

"वेळ साहेबांनी ठरवली. कचेरीच्या सोयीने."

"आणि तुम्ही इथे इतके दिवस राहिलात, इथली माणसं सकाळी कुठे असतात हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. मग तो म्हणाला, "अहवालात सगळं आहे, वहिनी. सगळ्यांना पाहता येतो. इंटरनेटवर आहे."

"आम्हाला का नाही सांगितलं? आधी, येऊन?"

"मला वाटलं…" तो थांबला. "मला वाटलं, कळेलच."

"कळलं की. भिंतीवरून कळलं." थोरलीने टोप्यांची पिशवी त्याच्या हातात परत दिली. आतल्या खोलीत म्हातारा होता. एरवी पाहुण्याचा आवाज आला की तो खोकत बाहेर यायचा. आज खोकलासुद्धा दाबून बसला होता. तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

सभेला खुर्च्या भरपूर आणि माणसं थोडी. म्हातारी मंडळी, त्यांतच घरचा म्हातारा, दोन-चार आजारी, आणि बाजार बुडवून आलेली थोरली. दाराशी शिपायाने टोपली बाहेर ठेवायला सांगितली. फरशीवर पाणी गळतं म्हणाला.

"मासळीतून पाणीच गळणार. साखर गळेल का?" पण टोपली बाहेर ठेवावी लागली, आणि ती सगळा वेळ दाराकडे एक डोळा ठेवून बसली, कारण मांजरांना सभा नव्हती.

साहेब घड्याळ बघत होते. डॉक्टरने खिडक्या बंद करायला लावल्या आणि भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. रेघा, खांब, रंगीत गोळे. बोलत होता मराठीच, पण मधूनच असे शब्द, की समोरच्या म्हाताऱ्यांनी दवाखान्यात बसल्यासारख्या मुकाट माना हलवल्या. एकाला डुलकी लागली. मग भिंतीवर नकाशा आला. किनारा, खडक, आणि त्यातून फिरणारी एक लाल रेघ. रेघ खडकांना वळसा घेत होती, उलटी फिरत होती, पुन्हा पुढे जात होती. रेघेवर ठिपके, आणि सगळ्या ठिपक्यांभोवती ओढलेलं एक मोठं कुंपण.

"ही वाट कुणी काढली?" थोरलीने विचारलं.

"आपल्याच होडीची आहे, वहिनी. बाबांनी नेलं होतं ना मला, तेव्हाची. माझ्याजवळचं यंत्र आपोआप नोंदवतं, कुठून कुठे गेलो ते. जिथे जाळं टाकलं तिथे ठिपका."

डॉक्टर पाठमोरा बसला होता खरा, पण यंत्राला पाठ नसते. म्हाताऱ्याने आपली जागा, म्हणजे समुद्रतळाचा आपला खळगा, लपवायला होडी सगळ्या वस्तीच्या जागांवरून फिरवली होती. हा ठिपका चुलतदिराचा, तो बर्फवाल्याच्या भावाचा, तो पलीकडच्या विधवेच्या घराचा. खडकामागचा त्यांचा स्वतःचा खळगा तेवढा एका टोकाला, इतरांसारखाच एक ठिपका होऊन बसला होता.

"आणि मासा अंडी घालतो, ते या सगळ्या ठिकाणी?"

"पोटात गाभोळी, म्हणजे अंडी असलेले मासे सगळीकडे मिळाले. आणि प्रत्येक ठिकाणी मी बाबांना विचारलं, इथे अंडी घालतो का? ते म्हणाले, इथेच."

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा छताकडे पाहत होता. छतावर काही नव्हतं.

"हरकत नाही, असं धरू का?" साहेबांनी विचारलं.

"धरू नका," थोरली उभी राहिली. "माणसंच नाहीत तर हरकत कोण घेणार? संध्याकाळी वाळूवर या. जाळी दुरुस्त करायला सगळे बसतात. खुर्च्या नाहीत, पण माणसं आहेत."

साहेबांना संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं. पण डॉक्टर म्हणाला, "सर, मला एक दिवस द्या." साहेबांनी कुरकुर केली आणि दिला. थोरली बाहेर आली तर मांजर टोपलीतून निवांतपणे बाहेर पडत होतं.

घरी आल्यावर तिने दार लावलं आणि तोंड सोडलं.

"इथेच, इथेच, इथेच! मामंजी, प्रत्येक जागी इथेच? काहीतरी लाज?"

"खोटं काय बोललो?" म्हातारा उसळला. "गाभोळी होती की माशाच्या पोटात. पोटुशी बाई बाजारातही भेटते. बाळंत होते ती घरी. आता तेवढंही त्याला कळू नये?"

"मग घर कुठलं ते सांगायचं होतं!"

"का सांगायचं? त्याने विचारलं कसं? भाजीचा भाव विचारावा तसं. माझ्या बापाने मला खळगा दाखवला तेव्हा मी किती वर्षं सुकाणूला बसलो होतो! आणि हा येणार, दोन घास खाणार आणि म्हणणार, सांगा?"

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून थोरलीचा आणखीच संताप झाला. नवरा कोपऱ्यात जाळ्याची गाठ मारत होता. हा माणूस भूकंप झाला तरी आधी हातातली गाठ पुरी करील.

"अहो, तुम्ही तरी बोला."

त्याने गाठ पुरी केली. "खरं सांगितलं तर बाकीच्यांच्या जागा सुटतील. बंद होईल तो आपला खळगा. ऐन हंगामात. मग आपण काय खायचं?"

थोरली खाली बसली. खळग्यावरच हे घर उभं होतं. त्याच्यावर तिचं लग्न झालं होतं, त्याच्यावर मुली नांदायला गेल्या होत्या. जायचा म्हटल्यावर तिचा जीव तीळ तीळ तुटला.

"आत्ता काय खातोय?" ती शेवटी म्हणाली. "खळगा आहे, पण त्याच्यापर्यंत होडी कुणाच्या खांद्याने नेणार? लाट काय रोज येणार आहे?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत तो तसाच पडून होता.

संध्याकाळी वाळूवर जाळी पसरली होती. डॉक्टर आला, या वेळी रिकाम्या हाताने. कुणी त्याला बस म्हटलं नाही. तो उभा, वस्ती गाठी मारतेय. बरंच झाल्यावर चुलतदिराने जाळ्याचं एक टोक त्याच्याकडे फेकलं. "धरा. ताणून धरा. नुसतं उभं राहून काय होतंय?"

डॉक्टरने धरलं. चुकीचं धरलं, जाऊ हसली, मग नीट धरलं. हात दुखायला लागले तेव्हा तो बोलला.

"मी आधी इथे यायला हवं होतं. कचेरीत देण्याच्या आधी. तुमच्याकडून घेऊन गेलो आणि तुम्हालाच दाखवलं नाही. यंत्र खिशात आहे हेही सांगितलं नव्हतं. चुकलं माझं."

"चुकलं म्हणून आमच्या जागा परत येतात का?" चुलतदीर म्हणाला. "आणि तुला आमच्या जागा दाखवल्या कुणी?"

आता सगळ्यांच्या सुया थांबल्या. थोरली म्हाताऱ्याकडे पाहत होती. बोल, बोल एकदाचा, तिला ओरडावंसं वाटत होतं. म्हाताऱ्याने घसा खाकरला, वाळू चाचपली, पुन्हा खाकरला.

"मी नेला. तुमच्या जागांवरून. आमची लपवायला. अंडी घालतो तो मासा आमच्याच खळग्यात. बाकी कुठे नाही."

जो गलका झाला तो झाला. चुलतदीर उठून उभा राहिला, "काका, आमच्या जागेत न विचारता जाळं टाकलंत? पाहुण्याला घेऊन?" विधवा म्हणाली, तिच्या नवऱ्याने मरतानाही ती जागा भावाला सांगितली नव्हती. कुणी डॉक्टरला बोल लावले, कुणी म्हाताऱ्याला. डॉक्टर जाळ्याचं टोक तसंच ताणून उभा होता.

शेवटी थोरलीच्याने राहवलं नाही. "दोघांनी एकच केलं! हा आमच्या घरात न विचारता शिरला, आणि हे तुमच्या. दोघांनाही वाटलं, कळणार नाही. आता आरडाओरडा करून हुकूम कायम करायचाय, की काय करायचं ते ठरवायचंय?"

गलका हळूहळू खाली बसला. डॉक्टर म्हाताऱ्याकडे वळला.

"बाबा, मला पुन्हा न्याल? खरी जागा पाहिली तर कुंपण लहान करता येईल. पण तुम्ही नको म्हणालात तर मी लिहिणार नाही. लिहिलं तर आधी इथे वाचून दाखवीन, मग कचेरीत. आणि हंगामभर तुम्ही काय करायचं, हे मला माहीत नाही. खोटं सांगत नाही, खरंच माहीत नाही."

"ते आम्ही बघू," चुलतदीर घुश्शातच म्हणाला. "काकांचा खळगा बंद झाला तर हंगामभर आमच्या जागेत एका बाजूला जाळं टाकतील. विचारून."

"विचारून," विधवा म्हणाली.

म्हातारा उठला. त्याने डॉक्टरच्या हातातून जाळ्याचं टोक काढून घेतलं आणि म्हणाला, "सकाळी भरतीला ये. उशीर करू नकोस."

सकाळी म्हाताऱ्याने हाळी दिली, पण आवाज कसा तो आलाच नाही. तो लाजून वाळूकडे बघू लागला. थोरलीने तोंडाभोवती हात धरून त्याच्या वतीने ठणठणीत हाळी दिली. चुलतदीर सगळ्यांत आधी आला, बडबडत, शिव्या घालत, पण खांदा त्याने नाकापाशी, सगळ्यांत जड ठिकाणी लावला. मागून बाकीचे आले. डॉक्टरही भिडला आणि लगेच ओरडा खाल्ला, "तिथे नको, पाय चेंगरेल! इकडे धर!" ओंडके न्यायला दोन पोरी धावल्या. थोरलीला करायला काही उरलं नाही, म्हणून ती उगाच सगळ्यांवर ओरडत राहिली.

होडी पाण्यावर तरंगली. डॉक्टर भिजून वर चढला आणि सवयीने पाहुण्याच्या फळीवर बसला, सुकाणूकडे तोंड करून. खिशातून यंत्र काढून त्याने तळहातावर धरलं, सगळ्यांना दिसेल असं.

"चालू करू का, बाबा?"

म्हाताऱ्याने सुकाणू धरलं. खडकांकडे पाहिलं. त्याच्या बापाने त्याला तिथे नेलं होतं, त्याने मुलाला नेलं होतं. सुनेला कधी नेलं नव्हतं. थोरली गुडघाभर पाण्यात उभी होती. नको म्हणा, असं क्षणभर तिलाही वाटून गेलं.

"कर," म्हातारा म्हणाला. मग त्याने हात हलवला. "आणि असा काय बसलास? तोंड फिरव. पुढे बघ."

डॉक्टर फळीवर वळून बसला. इंजिन सुरू झालं. थोरलीचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला रागच आला, कारण बाजाराला उशीर होत होता. ती वाळूवर आली, टोपलीपाशी वाकली, तर समोरून दोन हात आले. जाऊ होती. काही न बोलता तिने टोपलीला हात लावला, दोघींनी मिळून ती डोक्यावर चढवली.

चुंबळ नीट करताना थोरलीने एकदा मागे पाहिलं. या घरात आल्यापासून तिने होडी खडकांकडे जाताना रोज पाहिली होती, आणि रोज ती आधी डावीकडे वळायची, मग उजवीकडे, मग कुठेतरी दिसेनाशी व्हायची. आज होडी कुठेच वळली नाही.